लॉजच्या चादरी आणि आत्याची खाज

आमच्या घरात सगळ्यात आधी वेगळा झाला तो आत्याचा टॉवेल. मग तिचा साबण वेगळा झाला, मग बादली, आणि एके दिवशी बघते तर न्हाणीघरातल्या दोरीचेच दोन भाग! मधोमध लाल रिबिनीची गाठ. अलीकडची दोरी आमची, पलीकडची आत्याची. माझा मोजा चुकून गाठीपलीकडे गेला तर तिने तो चिमट्याने उचलून माझ्या दप्तरावर ठेवला. चिमट्याने! जणू मेलेला उंदीरच.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, ती आमच्याकडेच राहते आणि माझ्याच खोलीत झोपते. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती चेकर आहे. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून बघायची, बटण ओढून बघायचं आणि कुठे एवढासा दोरा लोंबताना दिसला की शर्ट परत पाठवायचा, हे तिचं काम. घरी आल्यावरही ते थांबत नाही. ती दुधाचा वास घेते. मी अभ्यास केला म्हटलं की पुस्तकाला हात लावून बघते, गरम आहे का! संशय हा तिचा पगारी गुण आहे, असं बाबा म्हणतात. तिच्यासमोर नाही, अर्थात. बाबा कुणाच्याच समोर काही म्हणत नाहीत.

पण हे दोरीचं प्रकरण वेगळं होतं. आत्या आता जेवताना बसत नव्हती, ओट्याला टेकून उभ्यानेच खायची. चालताना पाय फाकवून, खेकड्यासारखी. न्हाणीघरात तासन्‌तास. बाहेर आली की जंतुनाशकाचा असा भपकारा, की वाटावं आत ऑपरेशन झालं. आणि कपाटाला कुलूप. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तिच्यावर पाळत ठेवली, कारण घरात एकीलाच संशय घेण्याचा परवाना आहे असं थोडंच आहे?

पाळतीचा निष्कर्ष असा, की ती आमच्यावर पाळत ठेवून होती. आमच्यावर म्हणजे मुख्यतः आईवर.

त्याचं कारण मागच्या गॅलरीत उभं होतं. आईने मोठं वॉशिंग मशीन घेतलं होतं आणि चौकातल्या लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे धुवायचं काम धरलं होतं. आईचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. आजवर ती सगळ्यांचंच करत आली, पण त्याला कुणी काम म्हटलं नाही. आता लॉजचा हातगाडीवाला गठ्ठा घेऊन खाली येऊन ओरडायचा, “धुलाईवाल्या ताईऽ!” तेव्हा आई पदर खोचून अशी काही जिना उतरायची, की बघत राहावं. घरचे कपडे वेगळे, लॉजचे वेगळे. त्यांना कडक गरम पाणी, मग गच्चीवर ऊन, मग इस्त्री. तिचं डोळ्यांत तेल घालून चालायचं.

“कोण झोपतं गं या चादरींवर?” आत्या एक दिवस गॅलरीत उभी राहून म्हणाली.

“माणसं,” आई म्हणाली.

“कसली माणसं?”

“दमलेली. वन्सं, लॉज आहे तो. लोक येतात, झोपतात, जातात.”

“तेच म्हणते मी. कुठून येतात, काय घेऊन येतात, आणि आपण त्यांचं ते आपल्या घरात आणून, आपल्याच मशीनमध्ये…”

“काय ‘ते’? स्पष्ट बोला ना.”

आत्याने एका चादरीचा कोपरा दोन बोटांत धरून वास घेतला आणि सोडून दिला. आईचं तोंड असं झालं, की जणू तिचाच वास घेतला होता.

बाबा तेवढ्यात चप्पल घालून कुठेतरी निघाले. कुठे, ते त्यांनाही माहीत नसावं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. यंदा शाळेत मॅडमनी विज्ञानातला शरीराचा तो धडा ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला. दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हटलं, “मॅडम, वाचून आलेय. आता शंका विचारू?” वर्ग गार! मॅडम लाल झाल्या, पण मग खडू घेऊन बसल्याच की आमच्याबरोबर. तेव्हापासून माझी भीड मेली ती मेलीच. आत्या मला ‘वकीलीणबाई’ म्हणते, ते टोमणा म्हणून, पण मला आवडतं.

तर वकीलीणबाईंनी एका सकाळी, आत्या आरशासमोर केस विंचरत असताना, थेट विचारलं, “तुला खाज येतेय ना?”

फणी हातातून पडली. “हळू बोल!”

“कुठे?”

“खाली.”

“खाली म्हणजे पायाला?”

“खाली म्हणजे खाली! मुद्दाम करतेस का गं?”

मुद्दाम नव्हते करत, पण थोडी गंमत वाटली, हे खरं. मग आत्या पलंगाच्या कडेवर एका अंगावर टेकली आणि तिचे डोळे भरले. गंमत कुठल्या कुठे पळाली. जांघा, मधली सगळी जागा, पार मागपर्यंत लालभडक झालं होतं म्हणे. आग, चिरा आणि लघवीला गेलं की डोळ्यांपुढे काजवे. पांढरं, दह्यासारखं काहीतरी जायचं. मशीन घरात आलं आणि थोड्याच दिवसांत हे सुरू झालं. “योगायोग म्हणतेस हा? कारखान्यात एका मशीनवरचे सगळे शर्ट खराब निघाले तर मी मशीन बंद करते. तिथे योगायोग चालत नाही.”

“मग डॉक्टरकडे जा ना.”

“आणि काय सांगू? बिनलग्नाची बाई, आणि असलं दुखणं तसल्या ठिकाणी. ती बाई माझ्याकडे कशी बघेल? मनात काय म्हणेल? तिची नर्स बाहेर जाऊन काय म्हणेल?”

म्हणजे बघा, आत्याला साऱ्या जगाचा संशय होता, आणि तिला भीती कसली, तर जग आपला संशय घेईल याची!

तोवर तिने स्वतःच इलाज चालवले होते. बादलीत जंतुनाशक. आधी झाकणभर, मग आग होते म्हणजे जंतू मरतायत असं समजून आणखी. आणि एक ट्यूब. ती कपाटात कुलपाआड होती. औषधाच्या दुकानात तिने सांगितलं होतं, भावाच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात. औषधवाल्याने पायाला चालेल अशी जालीम ट्यूब दिली. ती हिने लावली… तिथे. लावल्यावर खाज छू! हिला वाटलं, सुटले. थांबवली, की दुप्पट. पुन्हा लावली, पुन्हा छू. पुन्हा थांबवली, तर आता त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. आणि दर वेळी हिचा निष्कर्ष काय? “ट्यूब चांगली आहे, पण चादरी परत परत घरात येतात ना!”

मी म्हटलं, आईला सांगू या. तिने मला माझ्या आगामी परीक्षेची शपथ घातली. आईला कळलं की ती म्हणेल, वन्संना लॉजच्या लोकांपेक्षाही भलतं काहीतरी झालंय. “तुझी आई तोंडावर गोड आहे, मनात काय आहे कुणास ठाऊक.” आणि ओट्यापाशी आई मला विचारायची, “तुझ्या आत्याच्या मनात काय शिजतंय? माझं काम डोळ्यांत खुपतंय, दुसरं काय!” मी दोघींच्या मधे, त्या दोरीवरच्या गाठीसारखी.

आणि मग गठ्ठा आलाच नाही.

एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आई गॅलरीतून खाली डोकावून डोकावून थकली. शेवटी हातगाडीवाला रिकामी गाडी घेऊन जाताना दिसला तेव्हा तिने वरूनच हाक मारली. तो वर न बघता म्हणाला, “मॅनेजरसाहेबांनी बंद केलं, ताई. तुमच्या घरात कातडीचा रोग आहे म्हणे. घरातूनच कुणीतरी फोन केला होता.”

आईने आतून जुनी चादर आणून मशीनवर टाकली, माणसावर टाकतात तशी. नंतर ती आत्याच्या ताटात वाढायची, पण बोलायची नाही. एक शब्द नाही. आरडाओरडा परवडला असता.

मी आत्याला न्हाणीघराच्या दारातच गाठलं. “फोन तू केलास?”

“मी फक्त सावध केलं त्यांना. कुणाचं नाव नाही घेतलं.”

“आपल्या घरात राहतं कोण कोण? नाव कशाला लागतंय?”

“मग काय करायचं होतं? ऐकत होती ती माझं? मशीन थांबेपर्यंत मी थांबणार नव्हते!” आणि मग आवाज खाली आणून, “थांबलं ना आता. आता बघ, मी बरी होते की नाही.”

ती बरी झाली नाही. चादरी गेल्या आणि खाज राहिली! आता हे ज्याला दिसतं त्याला दिसतं, पण आत्याने त्यावरही तोड काढली. मशीनमध्ये जंतू राहिले असतील. मशीनच विकलं पाहिजे.

तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, “करार करू. तू माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल. चादरींमुळे झालंय असं त्या म्हणाल्या, तर मी स्वतः आईला सांगीन, मशीन विक. नाही म्हणाल्या, तर तू लॉजवर जायचंस आणि आईचं काम परत आणायचंस. तोंडाने सांगून, फोनवरून नाही.”

आत्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. कुठला दोरा लोंबतोय ते शोधत होती. “तुझा यात काय फायदा?”

“मला दोघी हव्यात,” मी म्हटलं. यात कुठे दोरा लोंबत होता?

दवाखाना आत्यानेच निवडला, घरापासून लांब, दोन बस बदलून. बाहेरच्या बाकावर ओढणीने अर्धं तोंड झाकून बसली. म्हणजे टेकली. समोरची बाई आपल्याकडेच बघतेय, असं तिने मला तीनदा कानात सांगितलं. ती बाई झोपली होती.

डॉक्टरीणबाई पांढऱ्या केसांच्या आणि बोलायला एकदम सरळ होत्या. आत्या ‘खाली’, ‘तिकडे’, ‘तसलं’ असं चाचपडत होती, आणि त्या शांतपणे शब्द घालत होत्या, “जांघेत? योनीच्या बाहेरच्या त्वचेवर? मागे गुदद्वारापर्यंत? काय काय लावलंत आजवर? सगळं सांगा, रागावणार नाही.” ट्यूबचं नाव ऐकून त्या रागावल्याच थोड्या.

मला पडद्याबाहेर थांबवलं. आतून आवाज येत होता. “ही लाल सरहद्द दिसतेय, आणि तिच्याबाहेर हे सुटे सुटे लाल ठिपके. ते माझ्या ओळखीचे आहेत. पण नुसत्या नजरेवर नाही जायचं. कापसाच्या काडीने थोडं घेते हं. दुखणार नाही, गार लागेल.”

“आणि काही… तसलं असेल तर?” आत्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“कसलं?”

“म्हणजे मी कधी कुणाबरोबर… माझं लग्न नाही झालेलं.”

“मी विचारलं का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे तान्ह्या बाळांना होतं लंगोट ओला राहिला की. म्हाताऱ्या आजोबांना होतं. कुणालाही होतं. चारित्र्याचा दाखला नाही हा.”

पलीकडच्या छोट्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. काचेच्या पट्टीवर त्यांनी ते घेतलेलं पसरलं, वर औषधाचा थेंब टाकला. त्या थेंबात त्वचेचे तुकडे विरघळतात आणि बुरशी राहते, म्हणून ती स्पष्ट दिसते. आधी त्यांनी पाहिलं, मग म्हणाल्या, “या, तुम्हीच बघा.” आत्या वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग मी पाहिलं. अहाहा! बारीक बारीक गोल दाणे, काही दाण्यांना दुसरा छोटा दाणा फुटलेला, आणि मधूनमधून काड्यांसारखे धागे. मला तर ते सुंदरच वाटलं, पण मी गप्प बसले. आत्याचा चेहरा बघून कुणीही गप्प बसलं असतं.

“हे यीस्ट. बुरशीचाच प्रकार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे चादरींवरून आलं!” आत्या उसळली. “आमच्या घरी लॉजच्या चादरी धुतात, डॉक्टर. परक्या माणसांच्या.”

“गरम पाण्यात धुतात? उन्हात वाळवतात?”

“हो,” मी म्हटलं. आत्याने माझ्याकडे फितूर असल्यासारखं पाहिलं.

“मग चादरींना सोडा. हे बाहेरून यावं लागतच नाही. थोडंसं यीस्ट आपल्या अंगावर, पोटात असतंच, निमूट राहतं. त्याला खायला मिळालं, ओल मिळाली, की ते माजतं. प्रश्न असा आहे, की तुमच्याकडे त्याला खायला कोण घालतंय. साखरेचा त्रास आहे तुम्हाला?”

आत्या पर्स चाचपायला लागली. साखर? हे मला माहीतच नव्हतं! एका खोलीत राहून!

“कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, थोडीशी आहे,” आत्या म्हणाली. “गोळ्या घेते.” पर्समधून तिने पाकीट काढलं. कपाटाच्या कुलपात हेही होतं तर.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं. “ही गोळी कधीपासून?”

“नवीन दिली. आधीची बदलून. ते… मशीन आलं ना, त्याच्या थोडं आधी.”

असं म्हणता म्हणता आत्या थांबली. तिच्या डोळ्यांत मी प्रत्यक्ष पाहिलं, शिवण उसवली ती.

“ही गोळी रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळी चांगली आहे. पण साखर ज्या वाटेने जाते त्या वाटेवर यीस्टची चैन होते. सगळ्यांना नाही होत, पण होतं. त्यात तुम्ही रोज जंतुनाशकाने त्वचा भाजलीत. आणि त्या ट्यूबमध्ये जे आहे ना, ते सूज दाबतं, म्हणून बरं वाटतं, आणि आतून बुरशीला मोकळं रान मिळतं.”

लघवीत पट्टी बुडवून पाहिली तर रंग पार गडद झाला, म्हणजे साखर भरपूर. आत्या त्या पट्टीकडे बघत म्हणाली, “म्हणजे कारखान्याच्या डॉक्टरने मुद्दाम…”

“नाही हो बाई!” डॉक्टरीणबाई हसल्या. “त्यांनी तुमची साखर बघितली, तुम्ही त्यांना खाज सांगितली नाहीत. ते मनकवडे थोडेच आहेत? मनाने गोळी बंद करू नका. मी फोन करून बोलते त्यांच्याशी, रक्त तपासू, मग ठरवू काय करायचं ते.”

मग इलाज. ती ट्यूब बंद. जंतुनाशक बंद, सुवासिक साबणही तिथे नको. लघवीनंतर साध्या पाण्याने धुवायचं आणि न घासता टिपून कोरडं करायचं. सैल, सुती आतले कपडे, ओलसर झाले की बदलायचे. बुरशीवरचं साधं मलम सकाळ-संध्याकाळ, एक गोळी पोटात. “आणि खाज थांबली म्हणून मलम थांबवायचं नाही, मी सांगितलेत तितके दिवस लावायचं. तुम्ही लोक इथेच घात करता. फरक नाही वाटला तर परत या, आणखी तपासू. दर वेळची खाज यीस्टचीच असते असंही नाही, म्हणून दुकानात जाऊन अंदाजाने काही घेऊ नका.”

बाहेर पडल्यावर आत्या म्हणाली, “साधं पाणी! एवढं शिकून साधं पाणी सांगितलं. मला नाही वाटत या बाईत काही दम आहे.”

पण मलम लावलं तिने. आणि मी तिच्यावर पाळत ठेवली, सैल चड्ड्यांसकट.

खाज उतरली. आधी ती चालायला लागली माणसासारखी, मग एक दिवस ओट्याशी उभी न राहता ताट घेऊन जमिनीवर मांडी घालून बसली. आईनेही पाहिलं. डॉक्टरांच्या आपसात बोलण्यानंतर गोळीही बदलली गेली.

पण करार? करार राहिला बाजूला! “अजून खात्री नाही,” आत्या म्हणायची. “त्या ट्यूबनेही आधी बरंच वाटलं होतं. मला पक्कं होऊ दे.” हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग यायचा. मलमाचे दिवस संपले. त्यानंतरचेही बरेच दिवस संपले. खाज आली नाही. मशीनवरची चादर तशीच. आणि मग हातगाडीवाल्याकडून कळलं की पलीकडच्या गल्लीतला एक धोबी लॉजवर चकरा मारतोय, मॅनेजर त्याला काम पक्कं करून देणार आहे.

मी शाळेतून येऊन दप्तरही न काढता आत्यासमोर उभी राहिले. “आज नाही तर आईचं काम गेलं. कायमचं.”

“वहिनीलाच सांगते ना सगळं. मग ती जाऊन सांगेल.”

“आई काय सांगणार? तिचं कोण ऐकेल? रोग आहे असं तू म्हणालीस, नाही असंही तूच म्हणायला हवंस.”

आत्या उठली. केस नीट केले. ओढणीने तोंड झाकायला गेली, आणि मग सोडून दिली.

लॉजच्या काउंटरमागे मॅनेजर किल्ल्या टांगत होते. जाड भिंगाचा चष्मा, तेल लावून चप्प केस. काउंटरला एक पाहुणा टेकला होता, हातात बॅग, खोलीची वाट बघत.

“बोला.”

मी आत्याच्या कमरेत कोपर मारलं.

“मी फोन केला होता,” ती म्हणाली. “चादरींबद्दल. कातडीच्या रोगाचा.”

मॅनेजरांनी काउंटरवरचा हात हळूच उचलून मागे घेतला. “हं. मग?”

“रोग मला झाला होता. चादरींचा त्यात काही संबंध नव्हता. वहिनीचं काम चोख आहे. माझी चूक झाली.”

“तेव्हा म्हणालात चादरीच. आज म्हणता चादरी नाहीत. मी कुठलं खरं धरू?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “वहिनींनी पाठवलंय का?”

“वहिनी माझ्याशी बोलत नाही. मी इथे आलेय हे तिला ठाऊकही नाही.”

“मग तुमचा यात काय फायदा?”

“काही नाही.”

“फायदा नसताना कुणी असं सांगायला येत नाही, बाई.”

“बरोबर आहे,” आत्या म्हणाली. “मीही नसता ठेवला विश्वास.”

मला वाटलं, आटोपलं सगळं. पण आत्या जागची हलली नाही. दोन्ही हात तिने काउंटरवर ठेवले, कारखान्यात टेबलावर ठेवत असेल तसे, आणि तिचा आवाज एकदम चेकरचा झाला. “म्हणून नीट सांगते. मला जे झालं ती बुरशी होती. यीस्ट. जांघेत, आणि लघवीच्या जागेभोवती, मागपर्यंत.”

पाहुण्याने मान वळवून भिंतीवरची आग लागल्यास काय करावं ही सूचना वाचायला घेतली.

“बाई, बाई, इथे लोक आहेत…”

“असू देत. मी फोन केला तेव्हा लपून केला, आता लपून नाही सांगणार. ती बुरशी काचेखाली घालून मी स्वतः पाहिली. डॉक्टर म्हणाल्या, ती बाहेरून यावी लागत नाही. मला साखर आहे, माझी गोळी ती लघवीतून…”

“समजलं! समजलं मला!”

“नाही समजलं, पुढे ऐका. चादरी बंद झाल्या तरी माझी खाज चालू होती. मलम लावलं, थांबली. मशीन तेच, घर तेच, दोरी तीच.” तिने फोन काढून काउंटरवर ठेवला. “हा डॉक्टरांचा नंबर. माझ्याबद्दल काय हवं ते विचारा. माझी परवानगी आहे, हिच्यासमोर देते.”

मॅनेजरांचे कान जांभळे झाले होते. त्यांनी फोनकडे बघितलं, पाहुण्याच्या पाठीकडे बघितलं, मग आत्याकडे. फोनला हात लावला नाही.

“माझी बायको म्हणत होती,” शेवटी ते पुटपुटले, “त्या बाईंसारख्या चादरी कुणी धूत नाही.” मग मोठ्याने, “एक गठ्ठा देतो. एकच. परत आला की मी बघणार, वास घेणार, आणि मग ठरवणार.”

“घ्या ना वास,” आत्या म्हणाली. “मी घेतला होता.”

गठ्ठा आम्ही दोघींनी मिळून आणला, एकेक टोक धरून. वाटेत आत्या दोनदा थांबली. “इतक्या सहज कसा दिला गं याने? काहीतरी गोम आहे.” सहज म्हणे!

आई दारात आली. गठ्ठ्याकडे बघितलं, मग आत्याकडे. “हे काय?”

“लॉजवरून आणलंय.”

“कुणी दिलं?”

मी तोंड उघडलं, तर आत्या म्हणाली, “तू थांब.” आणि सगळं सांगितलं. खाज, ट्यूब, जंतुनाशक, फोन, डॉक्टरीणबाई, पट्टीचा रंग, काउंटर. उभ्याउभ्या, दारातच. आई ऐकता ऐकता खाली बसली, गठ्ठा सोडला आणि एकेक चादर उलगडून उजेडात धरून बघायला लागली. कोपरे बघितले. शिवण ताणली. आत्या बोलत राहिली, आणि आईचे हात काही थांबले नाहीत.

“एवढं सगळं काउंटरवर बोललात?” आईने शेवटी विचारलं.

“हो.”

“पुरुषासमोर?”

“दोन होते,” मी म्हटलं. राहवलंच नाही!

आईने चादरीत तोंड घातलं. रडतेय की हसतेय ते मला कळेना, आत्यालाही कळेना, आणि आत्या डोळे बारीक करून शोधत होती. आईने तोंड वर काढलं तेव्हा ते नेहमीसारखंच होतं, फक्त नाक लाल.

“साखरेचं मला का नाही सांगितलं, वन्सं? एका घरात जेवतो आपण.”

आत्याने इकडेतिकडे पाहिलं, बाबा असते तर त्यांच्याकडे पाहिलं असतं, पण ते चप्पल घालून निघून गेले होते.

“मला अजून तुमच्यावर विश्वास नाही,” आई म्हणाली.

“नको ठेवूस.”

“नाहीच ठेवत.” आई उठून गॅलरीत गेली, मागोमाग आम्ही; तिने मशीनवरची जुनी चादर ओढून काढली आणि तिचं एक टोक आत्याच्या हातात दिलं. “धरा. आधी हिची घडी घालू. नीट धरा, जमिनीला लागेल.”

दोघी गॅलरीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या आणि चादर ताणली. कोपऱ्याला कोपरा काही जुळेना.

“तू ओढतेयस, वहिनी.”

“मी? तुम्हीच तिरकी धरलीय.”

“मी? मी चेकर आहे!”

“म्हणूनच सांगतेय, नीट बघा.”